मोबाईलवरचं दुकान कुणाच्या जागेत आहे?



गोष्ट एका दिवाळीच्या अकरा दिवस आधीची. सकाळी सव्वासातला आपल्या महासंघातल्या एका गटाच्या सचिव काकूंचा फोन आला. "पोरी, आमचं पान कुठं गेलं गं? रात्री तर होतं की." मी अर्धवट झोपेत. मला वाटलं, हिशेबाच्या वहीचं पान फाटलं. म्हटलं, "काकू, चिकटवून घेऊ, मी दुपारी येते." त्या चिडल्याच. "अगं वहीचं न्हाई, मोबाईलवरचं!"

हा अकरा जणींचा गट. सोलापुरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी करतात. गटाचं नाव आणि ज्या ॲपवर त्यांचं पान होतं त्याचं नाव, दोन्ही मी लिहीत नाही. गटानेच तसं सांगितलंय, आणि कुठलंही नाव घातलं तरी गोष्ट तीच राहते. त्या पानाला दोन वर्षांत चार हजारांवर माणसं जोडली गेली होती. पुण्याच्या होस्टेलवरच्या मुली, मुंबईला गेलेले आपले सोलापूरकर, कुणाची सून, कुणाचा भाचा. त्या सकाळी पान उघडायला गेलं की एकच ओळ दिसत होती : तुमचं खातं आमच्या नियमांत बसत नाही म्हणून बंद केलं आहे. कुठला नियम, कुठला फोटो, कुणाची तक्रार, काहीच नाही.

पान गेल्याचं वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. आधी दुसरंच लक्षात आलं. दिवाळीच्या २३ ऑर्डरी घेतलेल्या होत्या. आगाऊ पैसे आले होते, ११,८६० रुपये. गटातून आठ हजारांचं अंतर्गत कर्ज काढून शेंगा आणल्या होत्या, चटणी कुटून तयार होती. पण माल कुणाला किती द्यायचा आणि कुठं पाठवायचा, हे सगळं त्या पानावरच्या मेसेजमध्ये होतं. पान बंद म्हणजे मेसेज बंद. सव्वीस किलो चटणी समोर, आणि पत्ता एकाचाही नाही.

खजिनदार ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हंजे आता आपण लोकांचे पैसे घेऊन बसलो." त्या वाक्यानं मला घाम फुटला, कारण दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणात फळ्यावर मोठ्या अक्षरांत मीच लिहिलं होतं : 'एकच पान, सगळी ऑर्डर तिथेच.' नुकतीच एमएसडब्ल्यू होऊन आले होते. डिजिटल मार्केटिंगचं दोन दिवसांचं शिबिर केलं होतं, त्यात तेच शिकवलं होतं. ग्राहकाला गोंधळात टाकू नका, त्याला एकाच जागी आणा. ती जागा कुणाची, हे तिथं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आम्ही काय केलं ते सांगते, कारण ते उपयोगी आहे. आधी पैसे आल्याच्या नोंदी काढल्या. त्यात काहींचा मोबाईल नंबर दिसतो, काहींचं नुसतं नाव. त्यातून नऊ जण सापडले. खजिनदार ताईंची एक सवय आहे, पार्सलच्या जुन्या पावत्या त्या टाकत नाहीत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत भरून ठेवतात. आम्ही सगळ्या त्यावरून त्यांना हसायचो. त्या पिशवीतून पाच पत्ते निघाले. दोन ग्राहक एका सदस्याच्या पुण्यातल्या भाच्याच्या ओळखीचे निघाले. सोळा झाले. उरले सात.

त्या सात जणांनी आपल्याला शोधलं असेल का? शोधलं असणारच. पाकिटावर गटाचं नाव-पत्ता होता, तो कायद्यानेच छापावा लागतो. मोबाईल नंबरही होता. पण तो होता आधीच्या सचिव ताईंचा. त्यांचं लग्न होऊन त्या विजापूरला गेल्या, रिचार्ज थांबला, सिम बंद झालं. लेबलं मात्र एकदम दोन हजार छापून घेतलेली, म्हणून तीच चिकटवत होतो.

पान काही परत आलं नाही.

बाजार आणि ॲप

आपण आठवडी बाजारात बसतो तेव्हा जागा आपली नसतेच. पावती फाडावी लागते. उद्या बाजार हलवला तर आपणही हलतो. म्हणून दुसऱ्याच्या जागेत धंदा करणं आपल्याला नवीन नाही. पण बाजारात पावतीवाला कोण हे माहीत असतं, त्याच्याशी भांडता येतं, ग्रामपंचायतीत जाता येतं. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक आपल्याला तोंडानं ओळखतं. जागा बदलली तरी ते "त्या शेंगाचटणीवाल्या कुठं बसतायत हल्ली?" असं विचारत येतं.

ॲपवर गिऱ्हाईक आणि आपल्या मध्ये ॲप बसलेलं असतं. आपण त्याला बघितलेलं नसतं, त्यानं आपल्याला बघितलेलं नसतं. ओळख करून देणारा बाजूला झाला की ओळखच संपते. चार हजार माणसं 'आपली' आहेत असं वाटत होतं, पण त्यातल्या चाळीस जणांचेही नंबर आपल्याजवळ नव्हते.

आणि हे शटर आपल्या हातात नाही, हे अलीकडच्या काळात सगळ्या देशानं दोनदा तरी बघितलंय.

२९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. गलवानला आपले जवान शहीद झाले होते, त्यानंतरचा तो निर्णय. बंदी योग्य की अयोग्य हा आपला आजचा विषय नाही. पण तेव्हा भारतात सुमारे २० कोटी लोक टिकटॉक वापरत होते. आपल्या महाराष्ट्रातही शेतावर, अंगणात, चुलीपुढं व्हिडिओ करून कितीतरी गावाकडच्या माणसांनी लाखो चाहते मिळवले होते, काहींचं घर त्यावर चालू लागलं होतं. एका रात्रीत ते चाहते गेले. ८ जुलैला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांत, इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं आणि बरेच जण तिकडं गेले. पण चाहते बरोबर नेता येत नाहीत. गाठोडं बांधून नेण्याची सोयच नसते. पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दुसरी वेळ ४ ऑक्टोबर २०२१ ची. सोमवार होता, तीन दिवसांवर घटस्थापना. रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम तिन्ही एकदम बंद पडले, ते पहाटेपर्यंत. जवळजवळ सहा तास, आणि तेही सगळ्या जगात. कुणी हल्ला केला नव्हता. दुरुस्तीच्या कामात एक चुकीची आज्ञा गेली आणि कंपनीच्या संगणक-केंद्रांना जोडणारं जाळंच तुटलं. दुरुस्तीला गेलेल्या इंजिनिअरांना आत शिरायलाही वेळ लागला, इतकी त्यांची स्वतःची कुलपं कडक.

तिन्ही एकदम का पडले? मालक एकच आहे. फेसबुक कंपनीनं २०१२ मध्ये इन्स्टाग्राम विकत घ्यायचं ठरवलं, १०० कोटी डॉलरला, आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप, १,९०० कोटी डॉलरला. आज त्या कंपनीचं नाव मेटा आहे. बैठकीत ताई मला अभिमानानं सांगतात, "आमचं एकावर अवलंबून नाही मॅडम, आम्ही तिन्हीकडं टाकतो." ताई, सगळी अंडी तीन टोपल्यांत ठेवलीत खरी, पण तिन्ही टोपल्या एकाच घराच्या माळ्यावर आहेत.

फुकट जागेचं भाडं

आता दुसरा प्रश्न, जो मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो. "आधी फोटो टाकला की दोनशे जण बघायचे, आता तीसही बघत नाहीत. आमचं काही चुकतंय का?"

बऱ्याचदा तुमचं काही चुकत नसतं. आपण फोटो टाकला की तो जोडलेल्या सगळ्यांना दिसतो, हा समज चुकीचा आहे. कुणाला काय दाखवायचं ते कंपनीचा संगणक ठरवतो, आणि ठरवण्याची रीत कंपनी वेळोवेळी बदलते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं उघड जाहीर केलं की यापुढं मित्र आणि घरच्यांच्या गोष्टी आधी दाखवू, धंद्यांच्या पानांच्या मागे टाकू. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. पण ज्यांनी वर्षानुवर्षं खपून माणसं जोडली होती, त्यांना आपल्याच माणसांपर्यंत पोचायला पैसे मोजायची वेळ आली.

पैसे कुठून येतात ते बघितलं की हे समजायला सोपं जातं. मेटा कंपनीच्या २०२३ च्या कमाईत शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव रुपये जाहिरातींचे आहेत. आपण फोटो फुकट टाकतो तेव्हा त्यांना आपल्याकडून काही मिळत नाही. आपल्या फोटोमुळं माणूस स्क्रीनवर रेंगाळला, तर त्याला मधेच जाहिरात दाखवता येते, तेवढाच आपला उपयोग. म्हणून फुकटची जागा हळूहळू आक्रसत जाते आणि 'बूस्ट करा' असं बटण पुढं येतं.

बूस्टचा अनुभव आम्हीही घेतला. त्याच गटाचे दोन हजार रुपये घालवले, त्यातही मीच पुढं. लाइक तीनशेच्या वर आले. काकू खूश. ऑर्डर किती? एक. नंतर बघितलं तर कुठल्या भागात दाखवायचं ते आम्ही निवडलंच नव्हतं. पार्सलचा खर्च चटणीपेक्षा जास्त होईल अशा लांबच्या राज्यांतून लाइक आले होते. बूस्ट करू नका असं मी म्हणत नाही. करायचंच असेल तर आपला जिल्हा, किंवा जिथं आपलं पार्सल परवडतं ते शहर निवडा, रक्कम बैठकीत ठरवा आणि त्यातून किती ऑर्डर आल्या ते लिहून ठेवा. लाइक लिहू नका. लाइकनं कर्जाचा हप्ता फिटत नाही.

इथं कुणी म्हणेल, मग सोडूनच देऊ ना हे सगळं. तसं करून चालणार नाही. या गटाची चटणी मोबाईल येण्याआधी फक्त तालुक्याच्या दोन दुकानांत जायची, आणि दुकानदार महिना-महिना पैसे लटकवायचे. आज एक काकू, ज्यांना सासूबाईंच्या आजारपणामुळं घर सोडता येत नाही, त्या ओसरीवर बसून मुंबईला माल विकतात. ही सोय दुसऱ्या कुणी दिलेली नाही. अडचण हीच आहे की त्याच्याशिवाय चालत नाही, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. २०२१ मध्ये व्हॉट्सॲपनं नवीन अटी आणल्या तेव्हा आठवतंय? 'मान्य आहे' दाबा नाहीतर अवघड होईल, असं सारखं येत होतं. आपण सगळ्यांनी न वाचता दाबलं. पुढं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या देशाच्या स्पर्धा आयोगानं त्याच प्रकरणात मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड केला. लोकांना खरी निवडच ठेवली नव्हती, असं आयोगाचं म्हणणं होतं. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. तो वाद मोठ्यांचा आहे, चालत राहील. आपल्या हातात काय आहे ते बघू.

ग्राहकवही

आपण बचत गटाच्या बायका. लिहून ठेवणं हा आपला धर्मच आहे. बचतीची नोंद, कर्जाची नोंद, इतिवृत्त, पासबुक, सगळं ठेवतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब ही पंचसूत्री झोपेतही म्हणून दाखवू. पण ज्याच्या जिवावर कर्ज फिटतं त्या ग्राहकाची वही कुणाकडं आहे? मी आमच्या बैठकांमध्ये विचारलं तेव्हा फार थोडे हात वर झाले.

साधी दोनशे पानी वही पुरे. नाव, मोबाईल नंबर, गाव आणि पत्ता, काय घेतलं, किती घेतलं, तारीख, पैसे आले का, माल पोचला का. ऑर्डर मोबाईलवर आली की त्याच संध्याकाळी वहीत उतरवायची. "उद्या लिहू" म्हटलं की संपलं. वही एकीकडं आणि मोबाईल दुसरीकडं असेल तर अजून चांगलं, म्हणजे दोघींना माहिती राहते. दर पंधरा दिवसांनी पानांचे फोटो काढून ठेवा. वही भिजते, उंदीर खातो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

नंबर मागताना लाजू नका, पण कशासाठी मागतोय ते सांगा. "ताई, सणाला नवीन माल आला की कळवते, चालेल ना?" नाही म्हटलं तर लिहू नका. आणि ही वही दुसऱ्या धंदेवाल्याला दाखवायची नाही, मग तो सख्खा दीर का असेना. लोकांनी विश्वासानं दिलेले नंबर आहेत.

आता एक गोष्ट, जी माहीत नसल्यानं बरेच गट फसतात. व्हॉट्सॲपवर आपण ब्रॉडकास्ट यादी करतो आणि एकदम सगळ्यांना मेसेज पाठवतो. तो मेसेज ज्यांनी आपला नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. आपण त्यांचा केलाय हे पुरत नाही. एका गटानं संक्रांतीला १८० जणांना तिळाच्या लाडवांचा मेसेज टाकला, उत्तरं पंचवीस आली. बाया नाराज. "लोक विसरली आपल्याला." लोक विसरली नव्हती, बहुतेकांना मेसेज मिळालाच नव्हता. म्हणून पहिली ऑर्डर पोचली की ग्राहकाला फोन करा, चव विचारा, आणि म्हणा, "आमचा नंबर सेव्ह करा हं, गटाच्या नावानं."

ग्रुप करण्यापेक्षा मला ब्रॉडकास्ट बरा वाटतो. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आपल्या दोन सदस्यांना रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे फोन यायला लागले ते ग्रुपमधूनच. त्यासाठीही धंद्याचा नंबर घरच्या नंबरापेक्षा वेगळा हवा.

आणि एकगठ्ठा मेसेज पाठवून देणारी जी स्वस्तातली सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. २०२१ चे नवे नियम आल्यावर व्हॉट्सॲपनं पहिला अहवाल दिला, त्यात १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात भारतातली २० लाखांवर खाती बंद केल्याचं लिहिलं होतं. बहुतेक खाती एकगठ्ठा मेसेज पाठवणारी होती असं कंपनी म्हणते. अशा झाडलोटीत एखाद्या वेळी आपल्यासारखेही झाडले जातात.

सिम कुणाच्या नावावर?

हा प्रश्न ऐकला की बैठकीत शांतता पसरते. कारण उत्तर बहुतेक 'मालकांच्या', 'पोराच्या', नाहीतर 'माहीत नाही' असं असतं. व्हॉट्सॲपचं खातं हे त्या नंबरावर असतं, आणि नंबर ज्याच्या नावावर त्याचा. घरात भांडण झालं, पोरगं सिम घेऊन पुण्याला गेलं, तर धंदा त्याच्या खिशातून गेला. एका गटात हे खरंच झालंय. त्या ताईंनी मला सांगितलं, "मॅडम, नवऱ्याशी जमवून घ्यायला लागतंय, गिऱ्हाईकं त्याच्या सिमवर हायत." मला यावर बोलता आलं नाही.

सिम जी बाई ते वापरते, शक्यतो गटाची पदाधिकारी, तिच्या स्वतःच्या नावावर हवं. कंपनीच्या दुकानात कागदपत्रं नेऊन नाव बदलता येतं. त्याबरोबर गटात ठराव घ्या : हा नंबर गटाच्या धंद्याचा आहे, पद सोडताना तो पुढच्या सदस्याकडं रीतसर सोपवायचा. इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या. रिचार्जचा खर्च गटाच्या खर्चात धरा. आपल्या बंद पडलेल्या सिमची गोष्ट वर आलीच आहे. नव्वद दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. मग आपली गिऱ्हाईकं कुणा भलत्याच माणसाला "चटणी आहे का" विचारत बसतात.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. सहा आकडी पिन असतो. तो जन्मसाल किंवा १२३४५६ ठेवू नका, आणि वहीच्या मागच्या पानावर तर अजिबात लिहू नका (हो, बघितलंय). ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही.

पान बंद झालं तर

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते आता सांगते. प्रत्येक मोठ्या ॲप कंपनीला भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. २०२१ च्या नियमांप्रमाणं त्यानं तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा. त्याचा पत्ता ॲपच्या किंवा वेबसाईटच्या मदत विभागात असतो. ॲपमध्ये जे 'पुन्हा तपासा' बटण येतं ते दाबाच, पण तेवढ्यावर थांबू नका. या अधिकाऱ्याकडं वेगळी तक्रार करा.

त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. तिला इंग्रजीत जीएसी म्हणतात. १ मार्च २०२३ पासून ती काम करते, सगळं ऑनलाइन, जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन या वेबसाईटवर. वकील लागत नाही. पान नक्की परत मिळेल असं मी सांगणार नाही. पण दार आहे, आणि आम्ही ते वाजवलंच नाही.

तक्रारीला पुरावा लागतो. म्हणून चालू असतानाच पानाचे, मेसेजचे, लेबलचे स्क्रीनशॉट ठेवा. आपले फोटो आणि व्हिडिओ ॲपवरच न ठेवता मोबाईलमध्ये किंवा कार्डमध्येही ठेवा. त्या गटाचे दोन वर्षांचे फोटो पानाबरोबर गेले. त्यात आता हयात नसलेल्या एका आजींचा उखळावर बसलेला फोटो होता. तो दुसरीकडं कुठंच नाही.

पान बंद झालं की अजून एक माणूस उगवतो. "मी परत मिळवून देतो, हजार रुपये टाका, ओटीपी सांगा." कंपनीचा माणूस म्हणून बोलतो, अगदी गोड बोलतो. तिसऱ्या दिवशी आम्हालाही आला. खजिनदार ताईंनी त्याला विचारलं, "तुमच्या ऑफिसचा पत्ता द्या, पावती घ्यायला येते." फोन कट. असा कुणी पैसे घेऊन गेलाच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

बाकी विक्रीच्या वाटाही उघड्या ठेवा. तालुक्याचं दुकान सोडू नका, उधारीची मर्यादा ठरवून द्या. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारखं प्रदर्शन असेल तर तिथं स्टॉलवर वही उघडी ठेवून बसा. पाच दिवसांत जितके नंबर मिळतात तितके मोबाईलवर वर्षात मिळत नाहीत. ग्रामविकास मंत्रालयाचं ई-सरस आहे, तिथं बचत गटांचा माल विकला जातो. तीही दुसऱ्याचीच जागा, पण मालक वेगळा.

त्या गटानं पुन्हा पान काढलंय. पाकिटावर आता गटाच्या नव्या सिमचा नंबर मोठ्या अक्षरांत आहे. वहीत या महिन्यात १४१ नावं झाली. हिशेबात 'देणे' या सदरात त्या सात जणांचे ३,४१० रुपये अजून लिहिलेले असतात. दर महिन्याला खजिनदार ताई बैठकीत ते वाचून दाखवतात. मधे बार्शीच्या एका बाईंचा फोन आला, नातेवाइकांकडून नंबर मिळाला म्हणाल्या. रागावलेल्या होत्या. काकूंनी सगळी हकीकत सांगितली, ताजी चटणी पाठवली, वर कडक भाकरीचं एक पाकीट घातलं. आता सहा राहिले.

पुढच्या महिन्यात प्रत्येक ग्रामसंघाच्या बैठकीला मी येणार आहे. येताना धंद्याचा मोबाईल चार्ज करून आणा, आणि सिम कुणाच्या नावावर आहे ते घरी विचारून या. पिन तिथंच बसून लावू. वही नसेल तर आणू नका, मी पंचवीस वह्या आणतेय, एकीला एक.